गळ्याकडे पाहणारे हवालदार

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. ते गळ्याकडे बघत. आम्ही विश्रामबागेत खोली बघायला गेलो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर ताठ बसले होते. आमच्या ह्यांनी नमस्कार केला. गाव कवठे महांकाळकडचं, डेपोत कंडक्टर म्हणून लागलोय, दोघंच आहोत, असं सगळं सांगितलं. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सतरा."

"काय सतरा?"

"इंच. मान. तालमीतला दिसतोस."

"व्हय. चार वर्सं हुतो."

"ऱ्हावा मग."

माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मी पदर घेऊन खांबाआड उभी होते, त्यामुळे माझा गळा त्यांना दिसला नसावा.

ते साताऱ्याकडचे. पलटणीत वीस वर्षं काढून हवालदार होऊन घरी आले होते. सगळे त्यांना हवालदारच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा "हवालदार, ताट वाढलंय" अशी हाक मारायची. तिला मी काकी म्हणत असे. पलटणीत ते जवानांना बिनहत्यारी लढाई शिकवत. म्हणजे हातात काही नसताना समोरच्याला गप्प कसं करायचं ते. त्यात त्यांचा हातखंडा डाव एकच होता. मागून जायचं, कोपराच्या बेचक्यात गळा धरायचा आणि आवळायचा. ते त्याला आवळणं म्हणत नसत. झोपवणं म्हणत.

"ह्यात दुखत न्हाई," ते पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आठ मोजायचं, मानूस झोपतो. सोडायचं, धा मोजायचं, मानूस उठतो. तुमच्या आमच्या झोपंत आन् ह्यात फरक येवढाच की हितं घोरायला सवड मिळत न्हाई."

गल्लीतल्या प्रत्येकाची मान त्यांना पाठ होती. दूधवाला चौदा. पोस्टमन साडेतेरा, पण चिवट. शेजारचे मास्तर पंधरा, नुसतीच चरबी. एकदा वरातीतला नवरदेव घोड्यावरून चालला होता. सगळे त्याचा फेटा बघत होते. हवालदार म्हणाले, "तेरा. बायकोला जपून ऱ्हा म्हनावं."

पडवीतच एक पोतं खुर्चीला बांधून बसवलेलं असे. आत भुसकट भरलेलं, वरून त्यांची पलटणीतली जुनी हिरवी जर्सी घातलेली. त्याचं नाव दुश्मन. रोज सकाळी हवालदार दुश्मनाच्या मागे जाऊन त्याला झोपवत आणि मग चहा पीत. काकी त्याच्याच मांडीवर मिरच्यांचं सूप ठेवायची. एकदा जनगणनेसारखं काही लिहून घेणारा माणूस आला, डोळ्यांनी अधू होता. त्यानं दुश्मनाला दोनदा नाव विचारलं. काकी आतून म्हणाली, "त्येंना बोलता येत न्हाई, मला इचारा."

दुसऱ्याचा गळा धरणारा माणूस स्वतःच्या गळ्याला फार जपे. शर्टाचं वरचं बटण त्यांनी कधी लावलं नाही. थंडीत मफलर नाही. न्हाव्याला सांगून ठेवलं होतं की मागे उभं राहायचं नाही, काय करायचं ते समोरून कर. त्यामुळे त्यांचे मागचे केस वाकडे कापलेले असत. बसमध्ये शेवटच्या बाकावरच बसत, पाठीमागे कुणी नको. त्यांची एक शेळी होती. तिच्या गळ्यात दावं नाही, पायाला. ती दिवसभर खुंट्याभोवती पाय गुंतवून पडायची आणि काकी दिवसभर तिला सोडवायची.

काकीचं मंगळसूत्रही त्यांनी साध्या दोऱ्यात ओवून दिलं होतं. "ताण पडला की तुटाय पायजे," म्हणत. ते दोन महिन्यांतून एकदा तुटायचं. पहिल्यांदा तुटलं तेव्हा मीच देवाचं नाव घेतलं. काकी शांतपणे मणी वेचत होती. म्हणाली, "अगं, कितीदा तुटलं तरी हवालदार हायेतच की."

मी त्यांच्याशी दोन वर्षांत एक शब्द बोलले नाही. मला परक्या पुरुषाशी बोलता येत नसे. ते ओळखून होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी ते काकीला म्हणायचे, "त्येंना इचार, पानी आलंय का." मी काकीला सांगायची, "सांगा, आलंय." काकी म्हणायची, "आलंय म्हनं." सगळ्यांना ऐकू जायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

घरामागे मोठं अंगण होतं. तिथली माती खणून, चाळून, मऊ केलेली. सकाळी भरतीला जाऊ पाहणारी चार-पाच पोरं तिथं यायची आणि हवालदार त्यांना शिकवायचे. पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचे. गळा धरल्यावर सहन होईना की जमिनीवर हाताने दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्या की धरणाऱ्यानं सोडायचं. मग धरणारा बाप असो नाहीतर सुभेदार.

नियम चांगला होता. पोरं तो इतकी पाळायची की हवालदार मागे येऊन उभे राहिले तरी थापा मारायची.

"अरं, हात तर लागू दे!"

"लागल्यागत वाटलं."

मला वाटतं, त्यांना मनासारखी मान मिळत नव्हती. आणि एक सतरा इंचाची मान रोज त्यांच्यासमोर अंघोळीला जात होती.

हे आठवड्याच्या सुट्टीला अंगणात जाऊन बसू लागले. आधी नुसतं बघायला. हे तालमीत वाढलेले. तालमीत गळा आवळायला बंदी असते, वस्ताद पाठीत काठी घालतो. त्यामुळे ह्यांना तो प्रकार आधी बाईलबुद्धीचा वाटला. तसं ते बोललेही.

"ह्यो काय डाव हाय? मागनं यायचं, गळा धरायचा. पाठ लावून दाखवा."

"तू दोन थापा न मारता बसून दाखव," हवालदार म्हणाले.

"मी थाप न्हाई मारनार. थाप मारायची म्हंजे हार. दोन्ही खांदे मातीला लागल्याबिगर मानूस हारतो कसा?"

"झोपशील."

"झोपीन. झोपल्याला कोन हारला म्हनतंय? फक्त कुशीवर ठेवा. पाठीवर नगं."

हवालदारांनी पहिल्यांदा ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. "मंजूर," म्हणाले.

हे सगळं मी माझ्या चुलीपुढच्या खिडकीतून ऐकलं. खिडकी अंगणावरच उघडायची.

पहिल्या वेळी हे आठ मोजेपर्यंत खरोखरच झोपले. हवालदारांनी कबूल केल्याप्रमाणे त्यांना लहान मुलासारखं कुशीवर ठेवलं आणि पलटणीच्या पद्धतीनं मोजायला लागले, "एक, दो, तीन." सहाला ह्यांनी डोळे उघडले. हसले. म्हणाले, "गावाकडं जाऊन आलो."

मग दर सुट्टीला हेच. हे थाप मारायचे नाहीत. हवालदारांना इतका मानी गळा उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. दोघं एकमेकांचं कौतुक करत चहा प्यायचे. हे म्हणायचे, "काय पकड हाय!" ते म्हणायचे, "काय मान हाय!" मी आणि काकी आत कांदे चिरत असायचो.

तिसऱ्या का चौथ्या वेळेनंतर ह्यांच्या डोळ्यांत लाल ठिपके दिसायला लागले. डोळे आले असं सांगून ते कामावर गेले. डोळे आलेल्या कंडक्टरपासून प्रवासी लांब बसतात, त्यामुळे गाडीत गर्दी वाटत नाही, असं आनंदानं सांगत घरी आले. मग आवाज बसला. थांबा आला की त्यांच्याऐवजी ड्रायव्हर ओरडू लागला. एकदा तासगावचं तिकीट मागणाऱ्या बाईला ह्यांनी मिरजेचं दिलं आणि तिच्याशीच भांडले. घरी हातातला पेला सुटून पडला. "वल्ला हुता," म्हणाले. पेला कोरडा होता. मीच पुसून दिला होता.

रात्रंदिवस मला तेवढंच दिसायला लागलं, तो गळा आणि त्याच्याभोवतीचा हात. ह्यांना म्हटलं, "नगा जाऊ." म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" ते खरंच होतं. काकीला म्हटलं, "हवालदारांना सांगा की." काकी म्हणाली, "मी तीस वर्सं सांगतीया. तू सांग. नवा आवाज ऐकतील." मी तीन सुट्ट्या शब्द जुळवत बसले. चौथ्या सुट्टीला ते घडलं.

मी भाकरी थापत होते. खिडकीतून मोजणं ऐकू येत होतं. आठ झाले. सोडल्याचं कळलं, कारण पुन्हा एकपासून सुरू झालं. सहा आले. हे उठले नाहीत. दहा आले. मी भाकरी तव्यावर टाकली. ग्यारह. बारह. हवालदारांचा आवाज होता तसाच होता, ना वर ना खाली. त्यांना पुढे काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. दहाला माणूस उठतो, एवढंच शिकवलेलं होतं. त्यामुळे तो उठेपर्यंत ते मोजत राहिले. पंद्रह. सोलह. ह्यांचा एक पाय माती उकरल्यासारखा हलत होता. पोरं हाताची घडी घालून उभी.

अठराला मी अंगणात होते. कशी गेले आठवत नाही. हाताला पीठ होतं.

"मोजू नगा!" मी म्हटलं.

हवालदारांशी बोललेले ते माझे पहिले शब्द. ते थांबले. थांबल्यावर त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही. नुसते उभे राहिले.

मागून काकी आली. "उताना करा त्येला, पाय वर धरा," म्हणाली. पोरं जागची हलेनात. कुशीवर ठेवायचं कबूल झालेलं होतं आणि पैलवानाला उताणं करायचं म्हणजे त्याची पाठ लावणं. एकजण तर म्हणालाही, "पर वैनी, पाठ लागंल की." मी ह्यांच्या खांद्याला धरलं आणि उताणं केलं. दोन्ही खांदे मातीत टेकले. पाय मी माझ्या खांद्यावर घेतले. काकीनं तोंडावर पाणी मारलं.

ह्यांनी डोळे उघडले. काळवंडलेलं तोंड, ओठाला फेस. मला बघून जरा वेळ ओळख लागली नाही. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "पाठ लागली का?"

पोरं खाली बघायला लागली. हवालदार माझ्याकडे बघत होते.

"न्हाई," मी म्हटलं.

डावा हात मात्र मिटेना. बोटं मिटायला सांगितलं की ते त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं बघायचे. मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. बरोबर हवालदार होते. डॉक्टरांनी काय झालं विचारलं. मला वाटलं होतं पडले म्हणून सांगतील. ते ताठ उभे राहिले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. गळा माझ्या उजव्या हातात होता, आठ मोजले, सोडला, दहाला उठायला पाहिजे होता, उठला नाही.

"आणि उठलाच नसता तर?" डॉक्टर म्हणाले.

"उठत्यात, साहेब."

"मी काय विचारलं?"

हवालदारांनी उजवा हात पाठीमागे घेतला.

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. गळ्यातून मेंदूकडे रक्त जातं. तो रस्ता दाबला की माणसाची शुद्ध जाते, त्याला झोप म्हणत नाहीत. पुन्हा पुन्हा दाबला की नाडी आतून सोलवटते, तिथं रक्ताची गाठ धरते, ती गाठ वर जाऊन बसली की हात जातो, वाचा जाते, माणूस जातो. थापा मारण्याचा नियम शुद्धीतल्या माणसासाठी आहे, हा शुद्धीत असतानाच मारत नव्हता. हात बहुतेक येईल. पण आता ह्या गळ्याला पुन्हा हात लागता कामा नये. एकदासुद्धा नाही.

"एकदासुद्धा?" ह्यांनी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

डेपोतल्या साहेबांनी ह्यांना हात येईपर्यंत बैठं काम दिलं. हवालदार रोज सकाळी दारात दोन अंडी ठेवून जायचे. हाक मारायचे नाहीत. दुश्मन पडवीतून दिसेनासा झाला. पुढे ते पोतं मला माळ्यावर दिसलं, त्यात कांदे होते. पोरांना त्यांनी सांगितलं, धावा, दंड-बैठका काढा, दुसरं काही मला येत नाही.

दीड महिन्यानं बोटं हलायला लागली. मूठ ढिली, पण मिटायची. आणि मूठ मिटली त्याच दिवशी हे पडवीत जाऊन म्हणाले, "हवालदार, आपलं ऱ्हायलंय."

"काय ऱ्हायलंय?"

"निकाल. माझी पाठ लागली न्हाई, तुमची लागली न्हाई. म्हंजे बराबरीत ऱ्हायली. असं अर्ध्यावर मी आजवर सोडलेलं न्हाई. येत्या सुट्टीला."

मी आत ऐकत होते. मी त्या दिवशी नाही म्हणाले होते म्हणून हे असं म्हणत होते. घरी आल्यावर मी डॉक्टरांची आठवण दिली. रडले. लंगोट ज्वारीच्या कणगीत लपवला. म्हणाले, "पँटवर खेळीन." मला कळून चुकलं, की ह्यांना मरणाची भीती घालून उपयोग नाही. कुणाची तरी पाठ मातीला लागल्याशिवाय हे थांबणार नाहीत. ह्यांची लागली होती असं आता सांगितलं तर ते मोडून पडतील, नाहीतर बदला घ्यायला उद्याच उतरतील. दोन्हीकडून गळा ह्यांचाच.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी पडवीत गेले. हवालदार वहाणेला तेल लावत होते. काकी आत होती, पण मी काकीला हाक मारली नाही. खांबाकडे तोंड करून म्हटलं, "काका."

ते उभे राहिले.

"त्येंच्याबरोबर खेळा," मी म्हटलं.

"खेळू? तुजं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं, पोरी?"

"खेळा आन् पडा."

बराच वेळ वहाणेवर तेलाचा हात फिरत राहिला. "मी कवाच पडलो न्हाई. पलटणीत न्हाई, गावात न्हाई."

"म्हनूनच सांगते. दुसऱ्या कुनाला पाडून त्येंचं समाधान व्हायचं न्हाई."

"अगं, पर पाठ त्याचीच लागली हुती. तूच लावलीस. निकाल झालाय."

"व्हय. मी झाकून ठेवलाय त्यो."

शेळी पाय गुंतवून ओरडायला लागली. हवालदार गेले, तिला सोडवून परत आले.

"दोन्ही खांदे?"

"दोन्ही. एक लागला तर ते धरत न्हाईत."

"आन् गळा?"

"गळ्याला तुमचा हात जाता कामा नये. मानंलाच न्हाई. खांद्यालाबी न्हाई. ते कुठंबी धरूद्यात, तुमी फक्त कमरंला धरा."

"असं खेळलेलं त्याला कळंल."

"त्येंना जिंकायचं हाय, काका. न्हाई कळायचं."

सुट्टीचा दिवस आला. चार-पाच पोरं होती, शेजारचे मास्तर होते. काकी पायरीवर लसूण सोलत बसली. मी ह्या वेळी खिडकीत थांबले नाही, पायरीवर काकीजवळ बसले. हवालदारांनी आधीच सांगून टाकलं, "आज गळा न्हाई. निव्वळ कुस्ती." ह्यांना ते पटलं, कुस्तीच खरी असं ते आधीपासून म्हणत होते.

ह्यांचा उजवा हात जोरात होता. डावा नुसता हवालदारांच्या पाठीवर ठेवलेला. त्या हातानं पोळपाटसुद्धा उचलत नव्हता. हवालदार खांबासारखे उभे. हे रेटत होते, घाम गाळत होते आणि ते तसूभर हलत नव्हते. मला वाटलं, विसरले. नाहीतर मन फिरलं. तीस-पस्तीस वर्षं न पडलेला माणूस आयत्या वेळी पडायला कसा तयार होईल? त्यांचे हात ह्यांच्या कमरेवरून वर सरकताना मला दिसले. मी उठून उभी राहिले. काकीनं माझं मनगट धरलं.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. हात खाली आले. ह्यांनी त्याच क्षणी आत पाय घातला आणि हवालदार पडले. वाकून, सावरून, हात टेकून नाही. उभी भिंत पडते तसे सबंध पडले. अंगणातली माती उडाली. हे त्यांच्या छातीवर.

"पडले, बाई," काकी म्हणाली आणि पुढची लसणाची पाकळी घेतली.

ह्यांनी उठून शड्डू ठोकला. उजव्या मांडीचा आवाज निघाला, डावीचा निघाला नाही. आनंदात ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी हवालदारांचे पाय धरले आणि म्हणाले, "झालं, हवालदार. आता बास. माझं ऱ्हायलेलं काई न्हाई." आणि खरोखरच त्यानंतर ते मातीत उतरले नाहीत. बदली होऊन आम्ही तिथून जाईपर्यंत अंगणाच्या बाजूचा दरवाजासुद्धा त्यांनी उघडला नाही. पुढे प्रत्येक डेपोत त्यांनी सांगितलं, की पलटणीतल्या हवालदाराला मी एका हातानं चीत केला. हात एकच होता, एवढं तरी त्यात खरं होतं.

त्या दिवशी माणसं पांगली, हे न्हाणीत गेले. मी घरात वळले तेवढ्यात हवालदार माझ्या दारापुढे येऊन उभे राहिले. काकी तिथं नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. आपल्यामागे कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नसे.

"बघ," म्हणाले. "दोन्ही खांद्यांना लागलीया का माती?"

मी पुढे होऊन बघितलं. बनियनवर दोन्हीकडे तांबडी माती होती, मधे घाम.

"लागलीया, काका."

"झाडू नगंस," ते म्हणाले. पायांत वहाणा घातल्या आणि तसेच, नुसत्या बनियनवर, भर सकाळी बाजाराच्या वाटेनं निघाले. वाटेत दूधवाला भेटला, पोस्टमन भेटला. प्रत्येकाशी थांबून बोलले आणि निघताना प्रत्येकाकडे पाठ करून दोन क्षण उभे राहिले.